नेव्हरमूरमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जादूच्या शाळेची ती जगप्रसिद्ध मालिका वाचून झाली, किंवा नुसतेच तिचे सिनेमे बघून झाले, की घरातलं नऊ-दहा वर्षांचं मूल विचारतं, "आता काय?" माझं उत्तर ठरलेलं असतं: जेसिका टाउनसेंड या ऑस्ट्रेलियन लेखिकेची नेव्हरमूर मालिका. मात्र नुसतं पुस्तक हातात ठेवून "वाच" म्हटलं की बरीच मुलं साठ-सत्तर पानांत गळतात. गोष्ट रटाळ आहे म्हणून नव्हे. नवी नावं, नवे नियम, नवी वाहनं, नवे सण असं सगळं एकदम अंगावर येतं, आणि प्रत्येक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी असं मुलांना वाटतं. शाळेने लावलेली सवय.

ठेवायला नको. या मालिकेत नायिका आहे, खलनायक आहे, रहस्यही आहे, पण खरी मजा नेव्हरमूर या शहराची आहे. नव्या शहरात राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात सगळे रस्ते कुणाला पाठ होतात? दोन-चार ठिकाणं ओळखीची होतात, बाकीचं हळूहळू उलगडतं. वाचायचंही तसंच. कसं, ते टप्प्याटप्प्याने सांगतो. गोष्टीतली मोठी गुपितं फोडणार नाही.

पहिला टप्पा: क्रम पक्का करा आणि दुसरं पुस्तक लपवून ठेवा

आतापर्यंत चार पुस्तकं आली आहेत. 'नेव्हरमूर' (२०१७), 'वंडरस्मिथ' (२०१८), 'हॉलोपॉक्स' (२०२०) आणि 'सिल्व्हरबॉर्न' (२०२५). याच क्रमाने वाचायची. यातलं कुठलंही पुस्तक मधूनच उचलून चालत नाही, कारण प्रत्येक गोष्ट आधीच्या पुस्तकाच्या शेवटावर उभी आहे.

चारही पुस्तकांचा संच एकदम विकत घेण्याचा मोह होतो. घ्या, पण पहिलं पूर्ण होईपर्यंत बाकीची कपाटात वरच्या फळीवर ठेवा. पहिल्या पुस्तकभर एकच प्रश्न मुलाला छळत राहायला हवा: या मुलीच्या अंगात नेमकं काय आहे? दुसऱ्या पुस्तकाचं मलपृष्ठ वाचलं की तो प्रश्न तिथेच संपतो. अगदी नुसतं शीर्षक बघूनही चलाख मुलं बरोबर तर्क बांधतात. इंटरनेटवर पात्रांची नावं शोधणंही तूर्त बंद. शोधयंत्राच्या पहिल्या दोन ओळींतच घोटाळा होतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. मालिका अजून पूर्ण झालेली नाही. लेखिकेचा बेत नऊ पुस्तकांचा आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या पुस्तकांत पाच वर्षांचं अंतर पडलं. 'शेवट काय होतो' हे कळल्याशिवाय ज्या मुलांना झोप येत नाही, त्यांना याची कल्पना द्या.

दुसरा टप्पा: पहिली चार प्रकरणं एका बैठकीत

पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला एक छोटा तुकडा आहे. क्रो कुटुंबाच्या वाड्याबाहेर पत्रकार जमलेत, आणि वडील आपल्या मुलीच्या मृत्यूचं निवेदन वाचून दाखवताहेत. मग पहिलं प्रकरण तीन दिवस मागे जातं. हा मागे-पुढे उडीचा प्रकार मुलांच्या नजरेतून सुटतो आणि मग "ती तर मेली होती ना?" असा गोंधळ होतो. प्रकरणांच्या वर ऋतू आणि वर्षाचा आकडा दिलेला असतो. तो मोठ्याने वाचायची सवय लावली की हा प्रश्न सुटतो.

त्या आकड्यामागचा हिशोब एवढाच. गोष्टीतल्या जगात काळ 'युगां'मध्ये मोजतात. साधारण बारा वर्षांचं एक युग. युगाच्या शेवटच्या दिवसाला म्हणतात ईव्हनटाइड. त्या दिवशी जन्मलेलं मूल शापित मानलं जातं, आणि पुढच्या ईव्हनटाइडला ते मरणार हे ठरलेलं असतं. मॉरिगन क्रो ही अशीच एक मुलगी. या खेपेला तर युग एक वर्ष आधीच संपतंय, म्हणजे अकराव्या वर्षीच.

जॅकलफॅक्स गावात जे काही वाईट होईल त्याचं खापर मॉरिगनवर. कुणाचं मार्मलेड बिघडलं, कुणी स्पेलिंगच्या स्पर्धेत हरलं, की तिने बसून माफीचं पत्र लिहायचं. शापित मुलांसाठी चक्क सरकारी कचेरी आहे आणि तिथून बाई तक्रारींची यादी घेऊन येतात. आपल्याकडे 'पांढऱ्या पायाची' म्हणून एखाद्या सुनेला किंवा पोरीला आयुष्यभर टोचत राहणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे काही परीकथेतलं वाटणार नाही. मुलांना मात्र हा भाग विनोदी वाटतो, आणि तो तसाच लिहिला आहे. त्यांना हसू द्या. तिचे वडील किती सहज तिच्याकडे दुर्लक्ष करतात हे हसता हसता त्यांच्या लक्षात येतंच. आपण बोट दाखवून सांगायची गरज नाही.

ही पहिली चार प्रकरणं तुकड्या-तुकड्यांत वाचली की जड जातात. रविवारची सकाळ काढा आणि सलग वाचून टाका. चौथ्या प्रकरणाच्या आसपास लालभडक दाढीचा ज्युपिटर नॉर्थ येतो, मागे धुराची आणि सावल्यांची शिकारी टोळी लागते, कोळ्यासारख्या पायांच्या यंत्रातून पळापळ होते आणि एका प्रचंड घड्याळाच्या तबकडीतून पलीकडे, नेव्हरमूरमध्ये उडी. ती तबकडी ओलांडली की मूल पुस्तकात अडकलं म्हणून समजा.

तिसरा टप्पा: शहरात रेंगाळा

इथून पुढे वेग कमी करायचा. एका दिवशी एक प्रकरण, फार तर दोन. पहिल्या पुस्तकातली ही मधली प्रकरणं मला स्वतःला सगळ्यात आवडतात, आणि घाईत वाचणारे नेमकी हीच उडवतात.

ब्रॉली रेल घ्या. शहराला वळसा घालून सतत फिरणारी एक पोलादी तार, तिला लटकलेल्या कड्या. गाडी थांबत नाही, स्टेशन नाही, तिकीट नाही. फलाटावरून धावायचं, उडी मारायची आणि छत्रीची मूठ येणाऱ्या कडीत अडकवायची. मग लोंबकळत जायचं. उतरायचं ठिकाण आलं की कळ ओढून छत्री सोडवायची आणि खाली उडी. चालती लोकल पकडणाऱ्या मुंबईकराला हे शिकवायला नको. पण मॉरिगन आयुष्यभर 'हात लावू नकोस, तुझ्यामुळे काहीतरी होईल' हेच ऐकत आलेली. तिला छत्री मिळते तीही सुंदर, काळ्या कापडाची, चांदीच्या मुठीची. ती पहिल्यांदा त्या कडीकडे बघते तेव्हा काय होतं ते तुम्हीच वाचा. वाचून झालं की थांबा आणि मुलाला विचारा, "तू मारली असतीस उडी?" पुढे अर्धा तास तरी वाचन होणार नाही, आणि झालं नाही तरी बिघडत नाही.

मग हॉटेल ड्यूकेलियन. तेरा मजल्यांचं हे हॉटेल ज्युपिटरच्या मालकीचं. इथल्या खोल्या आपल्या पाहुण्याला ओळखतात. मॉरिगनला मिळते ८५ नंबरची खोली. सुरुवातीला साधी, एक पलंग, फारसं काही नाही. मग खोली हळूहळू तिच्या स्वभावाचा अंदाज घेऊ लागते. आज एक खिडकी बदलते, उद्या आणखी काही, कधी ऑक्टोपसच्या आकाराची आरामखुर्ची हजर होते. दिवाणखान्यातलं झुंबर तुटलं तर नवं विकत आणत नाहीत, ते झाडासारखं पुन्हा वाढतं, आणि कोणत्या आकारात वाढेल यावर कर्मचाऱ्यांचे अंदाज चालतात. एका बैठकीच्या खोलीच्या भिंतींतून रंगीत, सुवासिक धूर निघतो, त्या दिवशीच्या मूडप्रमाणे. इथे थांबून मुलाला स्वतःची खोली काढायला सांगा: तुझी खोली तुला ओळखू लागली तर पहिल्यांदा काय बदलेल? माझ्या अनुभवात या एका प्रश्नावर अबोल मुलंसुद्धा बोलू लागतात.

हॉटेलातली माणसंही लक्षात ठेवण्यासारखी आहेत. गृहव्यवस्था बघणारी फेनेस्ट्रा ही बोलणारी, अवाढव्य, कमालीची उद्धट मांजर. मुलांचं पहिलं आवडतं पात्र बहुतेक वेळा हीच असते. गाणाऱ्या बाईंचं नाव डेम चंदा काली. ज्युपिटरचा भाचा जॅक, त्याचं पूर्ण नाव जॉन अर्जुना कोर्रापाटी. ऑस्ट्रेलियात लिहिलेल्या पुस्तकात, कुणालाही विशेष दखल घ्यावीशी न वाटता, अशी नावं सहज वावरतात हे आपल्या मुलांना सुखावतं.

मुलाला एक कोरा कागद द्या आणि शहराचा नकाशा काढू द्या, पण पेन्सिलने. नेव्हरमूरच्या काही गल्ल्या आपली जागा आणि स्वभाव बदलतात. दुसऱ्या पुस्तकात तर त्यांचा अभ्यास शिकवणारा एक तासच आहे, आणि संपूर्ण शहराची जिवंत, हलणारी प्रतिकृती असलेली नकाशाची खोली. पहिल्या पुस्तकात काढलेला नकाशा तिथे पोहोचल्यावर खोडरबर घेऊन दुरुस्त करायचा.

चौथा टप्पा: चार परीक्षा, आणि कागदपत्रांची गोष्ट

मॉरिगनला वंड्रस सोसायटीत, म्हणजे खास कला असलेल्यांच्या नेव्हरमूरमधल्या संस्थेत, प्रवेश मिळवायचा आहे. त्यासाठी वर्षभरात चार परीक्षा: पुस्तकाची, पाठलागाची, भीतीची आणि शेवटी प्रत्येकाने आपली खास कला दाखवण्याची. निवडली जाणार फक्त नऊ मुलं. बाकी प्रत्येकाकडे काहीतरी आहे. तिचा मित्र हॉथॉर्न स्विफ्ट ड्रॅगनवर स्वार होतो. मॉरिगनकडे काय आहे, हे तिला स्वतःलाही ठाऊक नाही.

पहिल्या परीक्षेत प्रत्येकाला एक कोरी वही मिळते. वही प्रश्न विचारते, उत्तर खोटं असलं की जळू लागते. इथे आपल्या मुलांना एक नवीनच गोष्ट दिसते: परीक्षेत पाठ केलेलं उत्तर चुकीचं ठरू शकतं. भीतीच्या परीक्षेच्या वेळी लहान भावंडं खोलीत असतील तर जरा सांभाळून. स्मशान आहे, अंधार आहे आणि लेखिका भीती घालायला कचरत नाही.

या परीक्षांच्या मागे एक धागा आहे, तो मोठ्या माणसांना जास्त लागतो. मॉरिगन नेव्हरमूरमध्ये बेकायदेशीर आली आहे. ती विंटरसी प्रजासत्ताकातली, आणि नेव्हरमूर हे मुक्त राज्यातलं शहर. त्या दोन देशांमध्ये बंद सीमा आहे. इन्स्पेक्टर फ्लिंटलॉक नावाचा पोलीस तिची कागदपत्रं तपासायला पुन्हा पुन्हा दारात येतो. सोसायटीत निवड झाली तर तिला इथे राहता येईल, नाही तर परत. मुलांच्या पुस्तकात हे बिनधास्त आणलं आहे. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मराठी घरांत व्हिसाच्या मुदतीची चर्चा मुलांच्या कानावर पडतच असते. त्या मुलांना फ्लिंटलॉक पहिल्या भेटीतच समजतो.

पाचवा टप्पा: इंग्रजीचं काय

मराठी माध्यमातल्या मुलाला पहिल्या पुस्तकाचं इंग्रजी थोडं जड जातं, पण अशक्य नाही. वाक्यं आटोपशीर आहेत. अडतं ते ब्रिटिश वळणाच्या विनोदात आणि बनवलेल्या शब्दांत. आई किंवा बाबांनी इंग्रजीतून मोठ्याने वाचायचं आणि मधूनमधून मराठीत बोलायचं, हा उत्तम मार्ग. वाक्यागणिक भाषांतर करू नका, गोष्ट मरते. डिक्शनरी तर मुळीच उघडू नका, कारण यातले अर्धे शब्द तिच्यात सापडणार नाहीत.

बनवलेल्या शब्दांपैकी आधी सांगून ठेवावी अशी जोडी एकच. 'वनिमल' म्हणजे बोलणारा, विचार करणारा, कपडे घालणारा प्राणी, म्हणजे या शहराचा नागरिक. 'अनिमल' म्हणजे साधा प्राणी. ऐकताना दोन्ही सारखे वाटतात, आणि शहरात ही चूक करणं म्हणजे घोर अपमान. तिसरं पुस्तक पूर्णपणे या फरकावर उभं आहे, म्हणून पहिल्यापासूनच कान तयार ठेवा.

कार प्रवासासाठी किंवा वाचायचा कंटाळा येणाऱ्या घरांसाठी गेमा व्हेलन या इंग्लिश अभिनेत्रीच्या आवाजातलं ऑडिओबुक फार छान आहे. फेनेस्ट्राचा आवाज ऐकल्यावर मांजर नुसती छापील राहत नाही. शक्य असेल तर पुस्तक समोर उघडून ऐका.

सहावा टप्पा: दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकाची तयारी

दुसऱ्या पुस्तकात अपेक्षा असते शाळेची, वर्गमैत्रीची. ते आहे: नऊ मुलांच्या तुकडीचं नाव युनिट ९१९, आणि प्रत्येकाच्या घरातून थेट तुकडीच्या खास स्टेशनात उघडणारं दार, जिथून गाडी शाळेत नेते. पण टाउनसेंडला शाळेपेक्षा शहरच जास्त प्रिय आहे, त्यामुळे कथानक पुन्हा पुन्हा गल्ल्यांत, बाजारात आणि एका भयाण लिलावात जातं. त्या लिलावाचं प्रकरण झोपण्याआधी वाचू नका. नऊ जणांची नावं सुरुवातीला गोंधळात टाकतात. त्यांची यादी आणि कोण काय करतं ते पुस्तकाच्या आतल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवा: केडन्स मन वळवते, लॅमला क्षणभर पुढचं दिसतं, आर्ख हातचलाखी करतो, माहिरला भाषा येतात. उरलेले तुम्हीच भरा.

'हॉलोपॉक्स'मध्ये शहरात एक रोग पसरतो, आणि तो फक्त वनिमल नागरिकांना होतो. ज्यांना तो झाला त्यांच्याबद्दलची भीती शहरात कशी वाढते, शेजारी शेजाऱ्याकडे कसा बघू लागतो, राजकारणी त्याचा कसा उपयोग करतात, हे सगळं त्यात आहे. पुस्तक बाजारात आलं तेव्हा जग स्वतःच घरात कोंडलेलं होतं. आताच्या दहा वर्षांच्या मुलांना ते दिवस धूसर आठवतात. त्यामुळे हे पुस्तक वाचताना घरात आपोआप त्या दिवसांची चर्चा निघते. माझ्या मते चारांतलं हे सगळ्यात चांगलं, आणि जाडही तसंच, साडेपाचशे पानांच्या आसपास. मूल अकराच्या पुढे असेल तर एकट्याने वाचू द्या. लहान असेल तर शेजारी बसा.

सातवा टप्पा: चौथ्याआधी मागे वळा

'सिल्व्हरबॉर्न' उघडण्याआधी पहिल्या पुस्तकातली सुरुवातीची प्रकरणं पुन्हा वाचा, क्रोंच्या वाड्यातली. मॉरिगनची आई तिच्या जन्मावेळीच गेली, आणि वाड्यात तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पहिल्या वाचनात ही एक ओळ नजरेतून निसटते. चौथ्या पुस्तकात नेव्हरमूरच्या श्रीमंत सिल्व्हर डिस्ट्रिक्टमध्ये मॉरिगनचं आजोळ निघतं, त्यात लग्न आहे, खून आहे, आणि आपण कुठल्या माणसांचे असा न टळणारा प्रश्न आहे. ज्युपिटरने जिला ओळखपाळख नसताना घरात घेतलं, तिला आता रक्ताचे नातेवाईक भेटतात, तेही दागदागिने आणि मानमरातबासह. कोणाचं घर आपलं, यावर मुलांची मतं फार ठाम असतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

दोन मुलं असतील तर दोघांना वेगवेगळ्या वेळी वाचू द्या. धाकट्यासमोर मोठ्याने चुकून काही बोलून टाकू नये म्हणून घरात एक नियम करा: जो पुढे गेला आहे, त्याने मागच्याशी फक्त हॉटेलबद्दल बोलायचं. हॉटेलात बोलायला भरपूर आहे.